वय झालं होतं त्यांचं, मग मला एवढा त्रास का?

"वय झालं होतं हो त्यांचं. चौऱ्याण्णव म्हणजे काही कमी नाही. शेवटी सगळी जवळ होती. मग मला हे असं का होतंय?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोरच्यानं 'वय' म्हटलं की पुढचं वाक्य आता मला पाठ असतं. गेलेले कधी वडील असतात, कधी आजोबा, कधी सगळ्या घराला धरून ठेवणारे मोठे काका. बोलणारा कधी पंचविशीतला नातू, तर कधी साठी ओलांडलेली लेक. सूर मात्र एकच, माफी मागितल्यासारखा. दुःख करायला आपण पात्र आहोत की नाही, हे माझ्याकडून तपासून घ्यायला आल्यासारखी बसतात माणसं.

त्यांच्यातल्याच एका एकसष्ट वर्षांच्या निवृत्त गृहस्थांची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सहा महिन्यांच्या भेटी दोन-चार संवादांत बसवल्या आहेत.

ते आले झोपेची तक्रार घेऊन, तेही बायकोनं धाडलं म्हणून. वडील जाऊन चार महिने झाले होते. वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणत.

"भेटायला येणारे म्हणतात, सोनं झालं. पिकलं पान होतं. नशीबवान आहात, साठीपर्यंत वडील लाभले. खरंच आहे की ते."

"खरं आहे. पण ऐकून तुमचं काय झालं?"

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. "मी बोलायचं बंद केलं. या वयात बाप गेला म्हणून रडायचं, बरं दिसत नाही."

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखाला वेगळं नाव दिलं होतं. आजूबाजूचे ज्याला दुःख म्हणून मोजतच नाहीत, ते दुःख. नाव बाजूला ठेवू. माझ्या खोलीत ते रोज येऊन बसतं. गेलेल्याचं वय सांगतं ते त्याच्या मरणाबद्दल, तुमच्या नात्याबद्दल नाही. लहानपणी बाप गेला तर पुढची वर्षं हरवतात. एकसष्टाव्या वर्षी गेला तर एकसष्ट वर्षांची सवय मोडते. यांतलं हलकं कुठलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

(जाता जाता: दुःखाच्या त्या प्रसिद्ध पाच पायऱ्या, म्हणजे नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, वाचून 'मी अजून तिसरीवरच कशी?' असं विचारणारेही बरेच येतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच.)

तिसऱ्या-चौथ्या भेटीला त्यांनी एक कागद आणला. अण्णांना पंचाण्णव पूर्ण झाली असती त्या दिवशी सगळं कुटुंब जमणार होतं आणि थोरला म्हणून यांनी बोलायचं होतं. कागदावर होतं: कष्टाळू, शिस्तप्रिय, प्रेमळ, सर्वांचा आधारवड.

"हा कागद माझ्या वडिलांसाठीही चालेल," मी म्हटलं.

त्यांना लागलं ते. मलाही नंतर वाटलं, जरा मऊ बोलायला हवं होतं. पण शब्द मागे घेतला नाही. "अण्णांच्या तोंडचं एक वाक्य सांगा. फक्त एक."

आधी आलं ते शेवटच्या तीन वर्षांतलं. रात्री पाच-पाच वेळा मारलेली हाक. एकदा पहाटे तीनला हे त्यांच्यावर ओरडले होते, 'मला माणसासारखं झोपू द्या!' मग खाली मान घालून म्हणाले, "गेले ना, तेव्हा पहिला विचार माहितेय काय आला? सुटलो."

"तीन वर्षं रात्री उठणाऱ्या माणसाला असं वाटणार नाही तर कुणाला वाटणार?"

त्यांनी चटकन वर पाहिलं. अपराधाच्या या गाठीवर मी फार वेळ घालवत नाही. ती सोडवण्यापेक्षा तिच्या पलीकडे जाणं जास्त कामाचं असतं. दीर्घ आजारपण आठवणींच्या दारातच खाट टाकून बसतं. आतला धडधाकट माणूस दिसू देत नाही. म्हणून मी परत विचारलं, "खाटेआधीचे अण्णा काय म्हणायचे?"

"पोचलास का?"

"म्हणजे?"

"कुणीही गावाला गेलं की पोचल्याचं कळेपर्यंत ते झोपायचे नाहीत. जुन्या फोनच्या काळात आमचं ठरलेलं होतं, दोन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. पैसे पडायचे नाहीत. तिसरी रिंग वाजली तर काहीतरी बिघडलंय, उचलायचा." ते हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच. "मोबाइल आले तरी आमचं तेच. ऐकू येईनासं झालं तेव्हा ते फोन हातात धरून बसायचे, थरथर कळावी म्हणून."

मग हसू गेलं. "मागच्या महिन्यात मुलीकडे गेलो होतो. बॅग खाली ठेवली आणि खिशातून फोन काढला."

मी थांबले.

"लावला. दोन रिंग झाल्या, ठेवला. बायको घरी होती. तिला कपाटातून अण्णांचा फोन ऐकू आला." आणि मग चार महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. पाण्याचा ग्लास मी पुढे केला नाही. अशा वेळी ग्लास म्हणजे 'आता पुरे' असा निरोप असतो, हे मी फार उशिरा शिकले.

"वेड लागतंय का मला?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं 1917 मध्ये मांडलं होतं की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम. माझं शिक्षणही बरंचसं त्याच वळणाचं झालं. 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी उलट बाजू दाखवली: नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं, आणि त्यात आजार असा काही नाही. मी आता याच बाजूची आहे. पुस्तकामुळे कमी, या खोलीमुळे जास्त.

त्या दिवशी मला जे उमगलं ते मात्र कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. या गृहस्थांना वडिलांचा सल्ला नको होता, आधारही नको होता. ते सगळं त्यांनी केव्हाच स्वतःवर घेतलं होतं. आपण पोचेपर्यंत कुणीतरी जागं आहे, एवढंच हरवलं होतं. वर त्याच महिन्यांत सगळं घर त्यांच्याकडे वळून पाहू लागलं होतं. मूलपण संपलं आणि थोरलेपण गळ्यात पडलं, दोन्ही एकाच दिवशी. झोप लागणार कशी?

म्हणून अशा घरांना मी विशेषणं टाळायला सांगते. वाक्यं गोळा करा, सवयी गोळा करा, चष्मा कुठे विसरायचे ते लिहून ठेवा. आवाज असेल तर आत्ताच दोन ठिकाणी जपून ठेवा, फोन बिघडतात. त्यांच्या तरुणपणाचं सांगू शकणारं कुणी उरलं असेल तर या आठवड्यात भेटा, पुढच्या नाही. मुलांसमोर रडायला घाबरू नका. आणि राग असेल तर तोही आठवणीत येऊ द्या. नव्वद वर्षं जगलेला माणूस कुठेतरी चुकलेला असतोच. त्याचा पुतळा केलात की आठवायला काही उरत नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. सहा महिन्यांहून जास्त काळ रोजची तीच तीव्र ओढ किंवा वेदना, कामात, घरात लक्ष नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर तज्ज्ञांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकासाठी किमान सहा महिन्यांचीच मर्यादा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची नियमावली प्रौढांसाठी बारा महिने धरते. जीव द्यावासा वाटत असेल तर सहा दिवसही वाट पाहायची नाही.

त्या कौटुंबिक भेटीत यांनी दोन रिंगांचीच गोष्ट सांगितली. मग बहीण उठली. "मला कधी कुणी विचारलं नाही पोचलीस का म्हणून. माझं शिक्षण अण्णांनी बारावीला थांबवलं. माझ्या मुलीच्या कॉलेजची पहिली फी मात्र त्यांनीच भरली. चूक झाली, असं तोंडानं कधी म्हणाले नाहीत." सगळे गप्प. मग एका नातवानं अण्णांच्या हट्टाचा किस्सा काढला, दुसऱ्यानं त्याहून मोठा, आणि रात्री बारापर्यंत कुणी उठलं नाही.

शेवटच्या भेटीत मी झोपेचं विचारायचं विसरले. त्यांनीही काढलं नाही. पुतण्याचा फोन आला होता म्हणाले, नोकरी सोडू का विचारत होता. काका, तुम्ही सांगाल तसं.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला नाही माहीत. ये घरी, बसून बघू." ते बॅग उचलत हसले. "अण्णा मेले तरी असं म्हणाले नसते."