गाणं, नाटक, चित्रकला: बेळगावात राहून तिन्ही करावं की एकच धरावं?

तिन्ही करा. "एक ना धड, भाराभर चिंध्या" हे मी लहानपणापासून मामाबद्दल ऐकत आलोय, तेही घरातूनच. म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

मामा शहापुरात पाट्या रंगवायचा. मराठी असो की कानडी, हात सारखाच चालायचा. खेड्यांतल्या यात्रेच्या नाटकांचे पडदे त्याचे, पेटीवर तोच, आणि ऐनवेळी कुणी आलं नाही तर तोंडाला रंगही तोच लावायचा. आमच्या शिवजयंतीच्या चित्ररथांना तर असाच माणूस लागतो. गडाचा बुरूज रंगवायचा, मावळ्यांना मिशा चिकटवायच्या, ट्रॉलीवरच्या पोरांकडून संवाद घोकून घ्यायचे. मिरवणूक रात्रभर चालते, तोवर मामाला बूड टेकायला मिळायचं नाही.

बाबा त्याला तोंडावर म्हणायचे, "पाट्याच धरून बसला असतास तर घर झालं असतं की रे!" मग फ्लेक्स आला. नुसत्या पाट्यांवर जगणारे त्याच्या बरोबरीचे पेंटर एकेक करून दुसऱ्या कामाला लागले. मामाचं घर पेटीनं तारलं: भजनी मंडळांची साथ, शिकवण्या, गावोगावच्या तालमी. बाबांनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा लिहिणारे तेच, पदं रचणारे तेच, नाटक बसवणारेही तेच. त्यांच्या जिल्ह्यात राहून "एकच धर" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पैशाचं मात्र नीट बघा. मामाला पडद्याचे पैसे फुटावर मिळायचे, पेटी आणि तालमीची बोळवण शाल-नारळावर व्हायची. तुम्ही प्रत्येक कामाचा दर वेगळा सांगा आणि निम्मे आगाऊ घ्या.

हां, ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं गायचं असेल तर माझं ऐकू नका. तिथे दुसऱ्या कशाला वेळच उरत नाही. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, पण गाणं शिकायला लहानपणीच मुंबईला देवधर मास्तरांकडे गेले. मामाचा गळाही नाट्यपदांच्या पुढे गेला नाही, हे खरंय.

आणि कुठल्या कामाचे किती आले ते वहीत लिहीत जा. मामानं तेवढं केलं असतं तर ती वही मी बाबांपुढे उघडून ठेवली असती.