रंगीत टीव्ही आला आणि रंग किती ठेवायचा यावरून वाद सुरू झाले

घरात पहिला रंगीत टीव्ही आला त्या वेळच्या आठवणी आपण विचारल्या आहेत. मला खरेदीपेक्षाही त्या संचावरचे रंगाचे बटण अधिक आठवते.

दुकानात ओळीने मांडलेल्या संचांवर एकच कार्यक्रम चालू होता, तरी प्रत्येकावर माणसांचे चेहरे निराळेच दिसत होते. ज्यावर ते सर्वांत स्वाभाविक वाटले, तो संच वडिलांनी निवडला. घरी मात्र पहिल्याच संध्याकाळी काकांनी रंगाचे बटण शेवटपर्यंत फिरवले; पैसे रंगाचे मोजले आहेत, मग फिके चित्र का पाहायचे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. निवेदिकेचे गाल शेंदरी झाले आणि तिच्या लाल कपड्यांचा रंग कडेबाहेर पसरू लागला. त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारीक फरक टिपता येतो, रंगाचा तेवढा येत नाही, म्हणून प्रक्षेपणात रंगाची माहिती मुळातच ढोबळ पाठवली जात असे. रंग जितका वाढवावा, तितका हा ढोबळपणा उघडा पडे. काका उठून गेले की आई ते बटण मुकाट्याने मागे फिरवत असे.

शिवाय हा रंग भरवशाचाही नव्हता. वाऱ्याने अँटेना हलली आणि संकेत क्षीण झाला की चित्र चालू राही, पण रंग एकदम नाहीसा होई. संच बिघडला असे आम्ही समजत असू. वास्तविक अशा वेळी रंगीत ठिपक्यांचा गोंधळ दिसू नये म्हणून रंग बंद करणारे विद्युत मंडलच आत बसवलेले असे.

एकदा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला. शेजारी ठेवलेल्या स्पीकरमधील चुंबकाचा तो प्रताप होता. त्या काळच्या रंगीत संचात पडद्यामागे असंख्य छिद्रांचा पातळ पोलादी पत्रा असे. लाल, हिरव्या व निळ्या ठिपक्यांसाठीच्या तीन इलेक्ट्रॉन शलाका त्यातून नेमक्या जागी पोचाव्या लागत, आणि पत्र्यात चुंबकत्व शिरले की त्या शेजारच्या ठिपक्यांवर पडत. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी तारेचे एक मोठे वेटोळे विजेला जोडून पडद्यासमोर गोल गोल फिरवले, तेव्हा चित्रावर सगळे रंग घुसळून निघाले; मग ते तसेच फिरवीत दूर सरकले आणि पुरेशा अंतरावर गेल्यावरच त्यांनी बटण बंद केले. डाग गेला होता. जवळ असतानाच वीज तोडली असती तर नवा डाग पडला असता, असे त्यांनी सांगितले.

जुना कृष्णधवल संच आम्ही टाकला नाही. अमेरिकेत १९५३ साली मान्य झालेली रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत आणि युरोपात १९६७ पासून वापरात आलेली पाल पद्धत, या दोन्हींत उजेडाचा संकेत वेगळा ठेवलेला असल्याने रंगीत कार्यक्रम जुन्या संचावरही दिसत. त्याच्या चित्रनळीत छिद्रांचा पत्रा नसल्यामुळे अक्षरे अधिक रेखीव उमटत, आणि आजी बातम्यांसाठी आतल्या खोलीत त्याच्याचसमोर बसे. नव्या संचावर एवढा खर्च केलेल्या वडिलांना हे फारसे रुचत नसे, पण बातम्या मी तरी तिच्याबरोबरच पाहत असे.