वाचकांचे प्रश्न : जुन्या फोनचे हजार डॉलर खरे किती?

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये असतो. तिकडच्या मोबाइल कंपन्या त्याच्या जुन्या फोनचे हजार डॉलर द्यायला तयार आहेत म्हणे, म्हणजे नवा आयफोन जवळजवळ फुकट. तो घेऊन दिवाळीत मला द्यायचा, असा त्याचा बेत आहे. इथे जेल रोडवर त्याच जुन्या फोनला पंधरा हजारही कुणी देत नाही. एवढा फरक कसा? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : हजार डॉलर ही जुन्या फोनची किंमत नव्हेच. दोन-तीन वर्षं गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी दिलेली ती सूट आहे, आणि हातात रोख काहीच पडत नाही. व्हेरायझन आणि एटी अँड टी ही रक्कम सहसा ३६ महिन्यांत विभागतात, टी-मोबाइल २४ महिन्यांत. हजार डॉलरचा फोन ३६ हप्त्यांवर घेतला, तर बिलात दरमहा २७.७८ डॉलरचा हप्ता लागतो आणि तेवढीच वजावट मिळते. चौदाव्या महिन्यानंतर कंपनी सोडली, तर वजावट तिथेच थांबते आणि उरलेल्या २२ हप्त्यांचे सुमारे ६११ डॉलर भरावे लागतात.

मोठ्या सुटीसाठी बहुधा महागडा अनलिमिटेड प्लॅन घ्यावा लागतो. समजा, मुलाचं काम ज्या प्लॅनवर भागतं त्यापेक्षा हा महिन्याला २० डॉलरनं महाग आहे. ३६ महिन्यांचे ७२० डॉलर झाले; हजारातून वजा केले की उरले २८०. बऱ्याच राज्यांत विक्रीकर फोनच्या पूर्ण किमतीवर, खरेदीच्या दिवशीच भरावा लागतो. नवा फोन सुरू करण्याचं शुल्क वेगळं. तिन्ही कंपन्यांची तुलना करायची ती अशी : ३६ महिन्यांत खिशातून एकूण किती जाणार, एवढा एकच आकडा प्रत्येकीचा काढायचा. टी-मोबाइलचं बंधन २४ महिन्यांत सुटत असलं, तरी हिशोब ३६ महिन्यांचाच धरा. नाहीतर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

जुना फोन टपालानं पाठवायचा असेल तर त्याचा चालू स्थितीतला व्हिडिओ, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक मुलानं जपून ठेवावा. तपासणीत काचेला तडा दिसला, किंवा ‘फाइंड माय’ (हरवलेला आयफोन शोधायची सोय) बंद करायचं राहून गेलं, की कबूल केलेली रक्कम खाली येते. मग भांडायला हाच पुरावा लागतो.

आता तुमच्या दिवाळीच्या भेटीबद्दल. एटी अँड टी आणि टी-मोबाइल हप्ते पूर्ण फिटल्याशिवाय फोन अनलॉक करत नाहीत, आणि लॉक असलेल्या फोनमध्ये इथलं सिम चालत नाही. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकी मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, म्हणजे ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्यावं लागणार. ते जिओ, एअरटेल, व्ही तिघांकडे मिळतं. आमचं मत विचाराल तर नवा फोन मुलानं स्वतः वापरावा. जुना, हप्ते फिटलेला फोन कंपनीला न देता तोच तुमच्यासाठी आणावा, आणि नवा घेताना जुना न देता मिळणारी छोटी सूट पाहावी. निघण्यापूर्वी सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जाऊन ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं लिहिलेलं आहे ना, हे मात्र बघायला सांगा.

प्रश्न : ऑनलाइन एक्स्चेंज बरं की दुकानातलं? (एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : आधी ‘एक्स्चेंज न करता रोखीनं कितीला द्याल?’ हे विचारा. समजा, ऑनलाइन किंमत २४,०००. जुन्या फोनचे ६,००० आणि बोनस २,०००, म्हणजे पडला १६,००० ला. दुकानदार रोखीनं २२,५०० सांगतो आणि जुन्याचे ५,००० देतो : १७,५००. पण ऑनलाइनच जुना न देता कार्डवर २,००० ची सूट मिळत असेल आणि जुना फोन बाहेर ७,००० ला जात असेल, तर खर्च १५,००० च. कार्डाची सूट आणि एक्स्चेंज बोनस पुष्कळदा एकत्र मिळत नाहीत. ते पैसे भरायच्या पानावर गेल्याशिवाय कळत नाही.

बिल पक्कंच घ्या. मोबाइलवर जीएसटी १८ टक्के आहे आणि एक्स्चेंजमध्ये तो रोख दिलेल्या रकमेवर नव्हे, तर फोनच्या खुल्या बाजारातल्या किमतीवर धरतात. केंद्रीय जीएसटी नियम २७ मध्ये उदाहरणही फोनचंच आहे : जुना फोन आणि २०,००० रुपये घेऊन दिलेला नवा फोन एरवी २४,००० चा असेल, तर कर २४,००० वर. ‘एक्स्चेंज केलंत म्हणून कर कमी लागला’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

आपल्याकडच्या सिम कंपन्या अमेरिकेतल्यासारख्या फोनवर सूट देण्याच्या धंद्यात फारशा उतरलेल्या नाहीत. उतरल्या तेव्हा गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा खोडा तोच होता : २०२१ मध्ये एअरटेलनं ठरावीक फोनवर ६,००० रुपये परत देऊ केले, पण सलग ३६ महिने रिचार्ज करण्याच्या अटीवर.

प्रश्न : डिलिव्हरीवाला दारात उभा असताना जुना फोन रिकामा कसा करायचा? (एक वाचक, टिळक नगर, इंदूर)

उत्तर : दारात नाही, आदल्या रात्री. नवा फोन हातात येतो त्याच वेळी जुना जातो, त्यामुळे एकातून दुसऱ्यात माहिती हलवायला सवड मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, फोटो ऑनलाइन चढवा, ऑथेंटिकेटर अ‍ॅप (लॉगिनचे कोड देणारं) असेल तर त्यातले कोड दुसरीकडे न्या. मग सेटिंग्जमधून गूगल खातं काढा आणि त्यानंतरच रीसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलात, तर फोन सुरू होताना जुनाच पासवर्ड मागतो आणि तपासणारा तो परत करतो. सॅमसंग असेल तर सॅमसंगचं खातंही काढायचं. रीसेटनंतर एकदा सुरू करून बघा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, चार्जिंग पुरेसं ठेवा. फरकाची रक्कम यूपीआयनं द्यायची असेल, तर ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून द्यावी लागेल, हे बऱ्याच जणांच्या ऐन वेळी लक्षात येतं.

प्रश्न : दुकानदार एक्स्चेंजमध्ये आलेला फोन स्वस्तात देतो आहे. घ्यावा का?

उत्तर : *#०६# दाबून आयएमईआय बघा, मग इंग्रजीत KYM, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर घेऊ नका.