नियुक्ती आदेशात एस-८, २५,५००-८१,१०० लिहिलंय, मग बहिणीच्या हातात महिन्याला नेमके किती पडतील?

भाऊ, आधी तं ताईचं मनापासून अभिनंदन सांगा. जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका म्हणून लागणं आजकाल किती अवघड झालंय ते मला रोज दिसते.

तुम्ही लिहिलंय की आदेशात एस-८, २५,५००-८१,१०० असं आहे, मामा म्हणतात पोरीला ऐंशी हजार पगार लागला, कोणी म्हणते पंचवीसच भेटतील, आणि बाजूच्या उपकेंद्रावरच्या सिस्टर म्हणतात मला तं वीसेक हजारच पडतात. आणि बाबा त्या ऐंशीच्या भरवशावर घराचं लोन काढायच्या तयारीत आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) कनिष्ठ सहाय्यक आहे, पगार बिलं मीच बनवतो, म्हणून सरळ सांगतो: खेड्यातल्या उपकेंद्रावर नवीन लागलेल्या आरोग्यसेविकेच्या हातात ३९ हजाराच्या जवळपास पडतात. ऐंशी नाही, पंचवीस पण नाही.

आता हे कसं ते पाहा. २५,५००-८१,१०० ही रेंज म्हणजे एका मोठ्या तक्त्यातली एक ओळ आहे. सातव्या वेतन आयोगात राज्याने एस-१ पासून एस-३१ पर्यंत लेव्हल केल्या, एस-१ म्हणजे शिपाई वगैरे १५,००० पासून, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक एस-८, औषध निर्माण अधिकारी एस-१० म्हणजे २९,२००, ग्रामीण रुग्णालयातली अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि लॅब टेक्निशियन एस-१३ म्हणजे ३५,४००, आणि आपल्या पीएचसीचे एमबीबीएस डॉक्टर एस-२० म्हणजे ५६,१००. नवीन माणूस त्या ओळीतल्या पहिल्या घरात बसतो आणि दरवर्षी एक घर पुढं सरकतो. २५,५०० चे पुढच्या वर्षी २६,३००, मग २७,१००, मग २७,९००, म्हणजे दरसाल साधारण ३ टक्के. ८१,१०० हे त्या ओळीतलं चाळीसावं घर आहे, तिथपर्यंत नुसत्या वार्षिक वाढीने पोचायला अख्खी नोकरी कमी पडते. म्हणून मामांना सांगा, तो दुसरा आकडा सध्या डोक्यातून काढून टाका. जुने लोक ५२००-२०२०० ग्रेड पे २४०० असं म्हणतात ना, तीच ही श्रेणी, सहाव्या आयोगातलं तिचं नाव ते होतं.

आता बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर, काय काय चढते ते पाहू. महागाई भत्ता (डीए) वर्षातून दोनदा बदलते, जानेवारी आणि जुलैपासून, पण जीआर कित्येक महिने उशिरा निघते. जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के डीए राज्यात ऑगस्ट २०२५ च्या पगारात आला, मधल्या महिन्यांचा फरक थकबाकी म्हणून. मी हिशेबाला तोच ५५ धरतो, तुम्ही वाचाल तेव्हा पुढं गेला असेल तर तेवढा वाढवून घ्या. २५,५०० वर ५५ टक्के म्हणजे १४,०२५. घरभाडं खेड्यात १० टक्के, म्हणजे २,५५०. वाहतूक भत्ता एस-७ ते एस-१९ वाल्यांना आपल्याकडं १,३५०. झाले एकूण ४३,४२५.

यातून कपात. बेसिक आणि डीए मिळून ३९,५२५, त्याचे १० टक्के एनपीएसमधे (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) जातात, म्हणजे ३,९५३. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, बायांना २५ हजारापर्यंत माफ आहे पण ताईचा पगार त्याच्या वर जाते). गटविम्याचे काही रुपये. राहिले ३९ हजाराच्या आसपास. इन्कम टॅक्सचं टेन्शन घेऊ नका, वर्षाचे सव्वापाच लाख होतात आणि नवीन पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखापर्यंत कर लागत नाही.

आता पे स्लिपवर एक जागा आहे जिथं नवीन पोरी हमखास घाबरतात आणि माझ्याकडं येतात. एनपीएसमधे सरकार पण आपल्याकडून १४ टक्के टाकते, ताईच्या बाबतीत ते साडेपाच हजाराच्या वर होतात. कित्येक स्लिपवर हे पैसे आधी पगारात जोडून दाखवतात आणि लगेच कपातीत पण दाखवतात. त्यामुळं एकूण पगार ४९ हजार दिसते आणि कपात साडेनऊ हजाराच्या वर दिसते, पोरगी म्हणते सर माझे एवढे पैसे काहून कापले. कापलेले नाहीत, ते सरकारचे पैसे आहेत आणि ताईच्याच प्रान खात्यात, म्हणजे एनपीएसच्या तिच्या नावाच्या खात्यात, जाऊन राहिले. पण ते खरंच जमा होतात का हे दर तीन-चार महिन्यांनी खातं उघडून पाहायलाच पाहिजे, हे मी हात जोडून सांगतो, कारण पगारातून कापून खात्यात न गेलेले महिने मी डोळ्यानं पाहिले आहेत आणि ते शोधायला बाईला मग जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा माराव्या लागतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या बहुतेकांचं असंच आहे, मार्च २०२३ मधे आम्ही संपावर बसलो ते जुन्या पेन्शनसाठीच.

आता बाजूच्या सिस्टरचं. त्या खोटं बोलत नाहीत. त्या एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी एएनएम, म्हणजे कंत्राटी आरोग्यसेविका असतील, तिथं एस-८ बिस-८ काही नसते, एकत्रित मानधन असते, त्यावर डीए नाही, घरभाडं नाही, वर्षाला थोडी वाढ. एकाच उपकेंद्रात, एकाच लसीकरण सत्रात, एकाच बाळंतिणीच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या दोघी, आणि एकीला दुसरीच्या अर्धे. मला हे बिल बनवताना दर महिन्याला टोचते. मार्च २०२४ मधे राज्याने दहा वर्षं झालेल्या एनएचएमवाल्यांना रिक्त पदांच्या ३० टक्के जागांवर समायोजनाने घ्यायचा निर्णय काढला, पण त्याची वाट पाहून पाहून कित्येकींचं वय निघून चाललं. सीएचओंचं (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं) आणखी वेगळं, त्यांना २५ हजार ठरलेले आणि कामाच्या इंडिकेटरवर १५ हजारापर्यंत, म्हणजे एखाद्या महिन्यात पोर्टलवर एंट्री राहिली तर पैसे गेले. आशाताईंना तर वेतनश्रेणीच नाही, मानधन आणि कामावरचा मोबदला. म्हणून ताईला सांगा, तिथं गेल्यावर स्वतःच्या पगाराचा विषय जपून काढायचा, त्या बाया मनानं खूप चांगल्या असतात पण ही तफावत त्यांना रोज दुखते. आणि ताईची जागा कंत्राटी ग्रामसेवकासारखी सुरुवातीला ठोक मानधनावर नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी आहे, तेवढं घरच्यांना सांगून टाका म्हणजे ते पण निश्चिंत होतील.

घरभाड्याचं एक पाहून घ्या. उपकेंद्राला क्वार्टर असेल आणि ते ताईच्या नावावर दिलं तर २,५५० मिळणार नाहीत. क्वार्टर नसेल किंवा पडकं असेल तर मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, भाड्यानं राहते याचा पुरावा लागतो, बहुतेक ठिकाणी ग्रामसभेचा ठराव मागतात. हा ठराव रुजू झाल्या झाल्या सरपंच-सचिवाला सांगून घेऊन ठेवा, ऑगस्टच्या ग्रामसभेचा चान्स गेला की मग थेट ऑक्टोबर. आणि ज्या क्वार्टरमधे पावसाळ्यात पाणी गळते, दार लागत नाही, तिथं एकट्या पोरीला भाडं वाचवायला राहू देऊ नका, क्वार्टर राहण्यालायक नाही असं वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या.

गावागावातला फरक किती पडते ते पण सांगतो. समजा अधिपरिचारिका आहे, एस-१३. नागपुरात लागली तर घरभाडं २० टक्के आणि वाहतूक २,७००, एकूण ६४,६५०. तीच बाई तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असली तर १० टक्के आणि १,३५०, एकूण ५९,७६०. म्हणजे जवळपास पाच हजाराचा फरक, काम कुठं जास्त आहे ते तुम्हाला माहीतच आहे. गडचिरोली, मेळघाट अशा नक्षलग्रस्त किंवा आदिवासी भागात मात्र एकस्तर लाभ मिळते, म्हणजे तिथं काम करत असेपर्यंत वरच्या पदाची वेतनश्रेणी. पण तिथून बदली झाली की मूळ श्रेणीवर यावं लागते, आणि ऑफिसनं ते वेळेवर कमी केलं नाही तर काही वर्षांनी वसुली निघते, तीही एकदम लाखात. ताईला कधी तिकडं जायचं काम पडलं तर परत आल्यावर पहिल्या महिन्याची स्लिप नीट पाहायची.

पहिला पगार कधी, हे तुम्ही विचारलं नाही पण घरात वाट पाहतच असाल. लगेच होत नाही भाऊ. मेडिकल फिटनेस, कागदपत्रं पडताळणी, सेवार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला नंबर), प्रान नंबर, बँक खातं, हे सगळं झाल्याशिवाय नाव बिलात चढत नाही, आणि त्यानंतर अनुदान यायला पाहिजे. दोन-तीन महिने लागू शकतात, पण पैसे बुडत नाहीत, रुजू तारखेपासूनचे मिळतात. तेवढे दिवस खोलीभाडं, गाडीचं पेट्रोल, डबा याची सोय घरून करून द्या, नवीन पोरी लाजेखातर सांगत नाहीत आणि उधारीवर महिने काढतात.

रुजू तारीख नीट जपा. २ जानेवारी ते १ जुलैच्या दरम्यान रुजू झाली तर वेतनवाढ १ जानेवारीला, आणि २ जुलै ते १ जानेवारीच्या दरम्यान झाली तर १ जुलैला. पहिली वाढ ८०० ची आहे पण त्यावर डीए-घरभाडं चढून हातात बाराशेच्या जवळ पडतात. पुढं १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आहे, प्रमोशन नाही झालं तरी वरची श्रेणी मिळते, खरी उडी तिथं बसते. त्यासाठी सेवापुस्तकात रजा, वेतनवाढ, बदली, सगळ्या नोंदी पाहिजेत, म्हणून दुय्यम सेवापुस्तक (सेवापुस्तकाची दुसरी प्रत) पहिल्याच वर्षी बनवून घरी ठेवायला सांगा आणि दरवर्षी त्यात सह्या घ्यायच्या. बाळंतपणाच्या १८० दिवसांच्या रजेत पगार पूर्ण मिळते, फक्त जो महिना पूर्ण रजेत जाते त्याचा वाहतूक भत्ता मिळत नाही, तेवढं पाहून दचकू नका.

आठव्या आयोगाचं लोक आत्तापासून बोलून राहिले, केंद्राने जानेवारी २०२५ मधे जाहीर केला. पण मागच्या वेळी १ जानेवारी २०१६ पासूनचा सातवा आयोग राज्यात हातात यायला २०१९ उजाडलं, आणि थकबाकी पाच हप्त्यांत. ते पैसे येतील तेव्हा येतील, आज त्यावर कुठलाच बेत करू नका.

आणि बाबांच्या लोनचं. बँकवाला ४३ हजार पाहून मोठी रक्कम सांगेल, पतसंस्थेवाले तर रुजू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात फॉर्म घेऊन येतात. तुम्ही ३९ धरा. त्यातून ताईचं मुख्यालयी राहणं, गाडी आणि खाणं काढलं की घरी पाठवायला पंचवीसच्या वर राहत नाहीत, आणि तिचं लग्न व्हायचं असेल तर ते पैसे कायम तुमच्या घरातच येतील असं धरून वीस वर्षांचा हप्ता तिच्या नावावर बांधणं मला योग्य वाटत नाही. सहा महिन्यांच्या स्लिप येऊ द्या, मग ताईला सोबत बसवून ठरवा, आणि हप्ता आठ-दहा हजाराच्या वर जाऊ देऊ नका.