चेहऱ्यावरचे वांग लेझरने कायमचे जातात का?

तुमच्या दोन्ही गालांवर वांग आहेत, क्रीमने फरक पडला नाही आणि आता लेझरच्या सहा बैठका सुचवल्यात, असं तुम्ही लिहिलंय. कायमचे जातील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. वांगावर लेझर हा पहिला उपायही नव्हे.

लेझरचा गुण मी स्वतः अनुभवलाय. माझ्या डोळ्याखाली जन्मापासून निळसर-करडा डाग होता, नेव्हस ऑफ ओटा. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरने तो इतका फिका झाला की आता शोधावा लागतो. पण माझ्या डागाची आणि वांगाची जातच वेगळी. या लेझरचा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, शोषून घेतं, काही नॅनोसेकंदांत रंगाचे कण फुटतात आणि शरीर तो चुरा हळूहळू साफ करतं. माझ्या रंगपेशी चुकीच्या जागी, खोल थरात अडकल्या होत्या. त्या नष्ट झाल्या की काम झालं. वांगात मात्र ऊन, संप्रेरकं, आनुवंशिकता यांमुळे रंगपेशी सतत चेतवलेल्या असतात. साठलेला माल फोडला तरी कारखाना चालूच! वर लेझरची उष्णता त्याच पेशींना आणखी डिवचते. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर हा धोका जास्त, म्हणून कधीकधी वांग आधीपेक्षा गडद होऊन परततात.

आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून हे वांगच आहेत ना, याची खात्री करून घ्या. (एखादा तीळ वाढत किंवा रंग बदलत असेल तर निदानाआधी त्यावर लेझर मारू देऊच नका, त्वचेचा कर्करोग झाकला जाऊ शकतो.) गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

सनस्क्रीन रोज लावताय का? वांगाला दृश्य प्रकाशही गडद करतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन घ्या, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) किमान ३०, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं क्रीम गुणकारी आहे, पण ठरावीक काळच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुकानातून आणून महिनोन्‌महिने चोपडलं तर त्वचा पातळ होते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही देतात. त्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास कधी झाला असेल तर तो आधीच सांगा.

एवढं करूनही लेझरच ठरलं, तर कानाजवळ छोट्या जागी चाचणी करून काही आठवडे थांबायला सांगा. तोवर सहा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका.