पीएचडीला जर्मनीला निघालात? मग व्हिसा कुठला टाकायचा?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कोल्हापूरची, एमएस्सी केमिस्ट्री झालंय. जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडीला घेतलंय, प्रोफेसरांकडून तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्टपण आलंय, पगार टीव्ही-एल ई 13 (तिकडची सरकारी पगारश्रेणी) च्या 65 टक्के. इथला एजंट म्हणतो पीएचडी म्हणजे शिक्षणच, स्टुडंट व्हिसा टाका आणि ब्लॉक्ड अकाउंटला पैसे भरा. घरचे त्यासाठी कर्ज काढायला निघालेत. शिवाय मिस्टरांना सोबत न्यायचंय आणि त्यांना जर्मन अजिबात येत नाही. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी घरच्यांना सांगा की कर्जाच्या फॉर्मवर सही करायची नाही. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला 992 आपल्याला मिळणार. ज्याला तिकडे उत्पन्न नाही त्याच्यासाठी ही सोय आहे, तुम्हाला तर पगार आहे, खर्च कशातून भागवणार याचा पुरावा म्हणजे ते कॉन्ट्रॅक्टच!

आता व्हिसाचं. जर्मनीच्या कायद्यात शिक्षणासाठी कलम 16बी आणि संशोधकांसाठी कलम 18डी अशी दोन वेगळी कलमं आहेत, आणि पीएचडी करणारा माणूस यातल्या कुठल्याही कलमात बसू शकतो, म्हणूनच एवढा गोंधळ होतो. तुमचं कॉन्ट्रॅक्ट काढा आणि पदाचं नाव वाचा. तिथे 'विसेनशाफ्टलिशे मिटआर्बायटरिन' असं काही असेल तर तुम्ही युनिव्हर्सिटीच्या पगारी संशोधक आहात, तुम्ही 18डी बघायचं. नंतर पीएचडी स्टुडंट म्हणून नाव नोंदवलं तरी त्याने काही बिघडत नाही. पण पीएचडी हाच पूर्णवेळ कोर्स असेल, कॉन्ट्रॅक्ट नाही, फी-क्रेडिट वगैरे सगळं कोर्ससारखं, तर मात्र 16बी.

18डी साठी एक कागद लागतो, होस्टिंग ॲग्रीमेंट, म्हणजे युनिव्हर्सिटी तुम्हाला संशोधनासाठी घेतेय असा करार, जर्मनमध्ये आउफनामेफेरआइनबारुंग. काही वेळा तसा मजकूर कॉन्ट्रॅक्टमध्येच असतो, तर काही ठिकाणी वेगळा बनवून देतात. आजच प्रोफेसरांना आणि युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाका की मला रिसर्चर व्हिसासाठी हे हवंय, जर्मन नाव तसंच लिहा, ते लगेच ओळखतात.

मिस्टरांचं ऐकून तर तुम्हाला बरंच वाटेल. बायको किंवा नवरा सोबत येणार असेल तर एरवी ए1 लेव्हलचं, म्हणजे अगदी सुरुवातीचं जर्मन दाखवावं लागतं, पण 18डी वाल्यांच्या जोडीदाराला ती अट नाही. आणि तिकडे त्यांना नोकरीही करता येते. फक्त लग्नाचं रजिस्ट्रेशन झालेलं असू दे, पत्रिका आणि हॉलमधले फोटो चालणार नाहीत, सर्टिफिकेट नसेल तर ते आधी काढून घ्या.

अजून एक, ज्याचा विचार निघताना कुणी करत नाही. पगारातून पेन्शनचे पैसे कापले जातात ना, त्याचे 36 महिने भरले, संशोधक म्हणून तीन वर्षं झाली, बी1, म्हणजे मधल्या लेव्हलचं जर्मन आलं आणि पुढची नोकरी हातात असली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. स्टुडंट परमिटवरची वर्षं त्या तीन वर्षांत थेट धरत नाहीत. म्हणून तुम्ही स्वतः जर्मन शिकायला आत्तापासूनच लागा, लॅबमध्ये सगळे इंग्रजी बोलतात म्हणून लोक थांबतात आणि तिसऱ्या वर्षी धावपळ होते. एक बाजू मात्र कमी आहे तीही सांगते, रिसर्च संपल्यावर नोकरी शोधायला 9 महिने मिळतात, जर्मनीत डिग्री केलेल्यांना 18.

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतात. फॉर्म भरताना प्रवासाचं कारण निवडायचा रकाना एजंटला भरू देऊ नका, तो स्वतः भरा.

प्रश्न : मी नाशिकचा, जर्मनीत मास्टर्सची ॲडमिशन मिळालीय पण अपॉइंटमेंट उशिरा आहे. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिकडे स्टुडंट करून घेता येईल का?

उत्तर : नाही हो, हे करू नका. भारतीय पासपोर्टवर शेंगेन टुरिस्ट व्हिसाने गेलात तर तिकडे तो स्टुडंटमध्ये बदलून मिळत नाही, परत यावं लागतं, तिकिटाचे पैसे गेलेच आणि सेमिस्टरही. युनिव्हर्सिटीला मेल करून उशिरा जॉइन होता येईल का किंवा ॲडमिशन पुढच्या सेमिस्टरला ढकलता येईल का ते विचारा. तोवर एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, आलंय का बघा, 1 नोव्हेंबर 2022 पासून आपल्याकडच्या स्टुडंट व्हिसाला ते लागतं, आणि तुमच्या केसमध्ये ब्लॉक्ड अकाउंट किंवा स्कॉलरशिप असं काहीतरी दाखवावंच लागेल. तिकडे वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण त्या कमाईच्या भरवशावर पहिल्या वर्षाचा हिशोब मांडू नका.