रॅम नंतर, आधी टिक मोजा

माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर, 8 जीबी रॅम, रात्री दहा-बारा जण आले की फोडलेला ब्लॉक परत उगवतो. तर 16 जीबीचा प्लॅन घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता तरी नका घेऊ.

एकालाच त्रास होत असेल तर त्याचं नेट बघा. सगळ्यांना एकदमच होतोय म्हणजे सर्व्हर दमतोय. तो सेकंदाला 20 टिक (खेळ पुढे सरकवणारे ठोके) चालवतो, म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की सगळ्यांचाच खेळ मंदावतो. हे काम मुख्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे रॅम दुप्पट केली तरी तो कोअर पळायचा तेवढाच पळणार.

बॅकअप घेऊन पेपरवर (सर्व्हरची जास्त वेगवान आवृत्ती) या आणि गर्दीच्या वेळी स्पार्क या प्लगइनचा प्रोफायलर (कशात किती वेळ जातो ते मोजणारा) दहा मिनिटं चालवा. मी हे न करता दोन आठवडे नुसते कॉन्फिगमधले आकडे बदलत होतो. शेवटी स्पार्क लावला, तर सगळ्यात वर व्हिलेजर, म्हणजे खेळातले गावकरी! एका मुलाने त्यांच्याशी देवघेव करायला जमिनीखाली ट्रेडिंग हॉल बांधला होता; सत्तरेक व्हिलेजर खेटून उभे, सारखी वाट शोधतायत. त्याला रिपोर्ट दाखवला, त्याने स्वतःच निम्मे कमी केले, आणि त्याच रात्री टीपीएस (सेकंदाला होणारे टिक) 20 वर आला. कुणाचं बांधकाम न विचारता पुसू नका. महिनोन् महिन्यांची मेहनत असते ती.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे हॉपर, वस्तू गोळा करून पुढे सरकवणारा ब्लॉक. वरून उघडा असलेला हॉपर पडलेल्या वस्तू सतत शोधत राहतो. वर कंपोस्टर (खत बनवायचा ब्लॉक) ठेवला की तो शोध थांबतो. वस्तू आपोआप वेगळ्या करणाऱ्या मोठ्या सॉर्टरला याचा चांगलाच फरक पडतो.

मग सिम्युलेशन-डिस्टन्स, म्हणजे खेळाडूभोवती किती लांबपर्यंत जग चालू ठेवायचं ते. मुळात तो 10 असतो, म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती 21 गुणिले 21, 441 चंक (जगाचे चौकोनी तुकडे). 5 केला तर 121. व्ह्यू-डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते) 8 ठेवलात तर लांबचे डोंगर दिसत राहतील, पण लांबचे फार्म थांबतील, तेवढं सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

एलिट्रा (उडायचे पंख) घेऊन कुणी नव्या मुलखात उडालं की झटके बसतात का? तसं असेल तर वर्ल्ड बॉर्डर (जगाची हद्द) घालून चंकी प्लगइनने नकाशा आधीच तयार करून घ्या, सर्व्हर रिकामा असताना.

आज रात्री प्रोफायलर चालवून सगळ्यात वर काय येतंय ते कळवा, मग पुढचं बघू.